घोडीची वार, शिंगराचं परकेपण आणि अकरा महिन्यांत आपण काय काय बघायचं

शिंगरू अर्धं बापाचं असतं. ऐकायला साधी गोष्ट, पण घोडीच्या शरीराच्या बाजूने बघा, तिच्या पोटात अकरा महिने असा एक जीव वाढतोय ज्याच्या पेशींवरच्या निम्म्या खुणा तिला परक्या आहेत, आणि त्याच बाप-घोड्याच्या कातडीचा बोटभर तुकडा तिच्या मानेवर लावला तर तिचं शरीर तो थोड्या दिवसांत टाकून देतं. मग शिंगरू का टाकत नाही? प्रतिकारशक्तीचे अभ्यासक पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये हा प्रश्न सगळ्याच पिल्लं घालणाऱ्या प्राण्यांबद्दल विचारला होता. घोडीचं त्यावरचं उत्तर गाय, शेळी, कुत्री यांच्यापेक्षा एकदम वेगळं आहे, आणि ते समजून घेतलं की कोणत्या दिवशी सोनोग्राफी, कधी लस, वार पडल्यावर काय तपासायचं, चीक किती वेळात, हे पाठ करावं लागत नाही, आपोआप कळत जातं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

थोडक्यात गोष्ट अशी. घोडीचं शरीर गर्भाला ओळखत नाही असं अजिबात नाही, ते ओळखतं, आणि एका ठरावीक जागी, ठरावीक दिवसांत त्याच्यावर चक्क चाल करून जातं. बाकी सगळीकडे मात्र आई आणि शिंगराच्या मधे पक्की भिंत असते, ती भिंत म्हणजे वार. भिंत शिंगराला वाचवते आणि तीच भिंत शिंगराला जन्मताना रिकाम्या हाताने बाहेर पाठवते. आपलं काम एवढंच की चाल कधी होते त्या तारखा सांभाळायच्या आणि भिंतीमुळे जे शिंगराला मिळालं नाही ते वेळेत पोचवायचं.

फळवल्यानंतरचे पहिले सहा दिवस

घोडा लागला की गर्भाशयात सूज येते, आणि ही सूज नॉर्मल आहे. शुक्राणू आत गेले की घोडीच्या पांढऱ्या पेशी, मुख्यतः न्यूट्रोफिल, काही तासांत तिथे गोळा होतात आणि मेलेले, उरलेले शुक्राणू, सोबत आलेले जंतू, घाण सगळं साफ करतात. चांगल्या घोडीत एक-दोन दिवसांत हे आटपतं. गर्भ बीजनलिकेतून खाली गर्भाशयात उतरतो तो साधारण सहाव्या दिवशी, म्हणजे निसर्गाने झाडलोट करायला मधे वेळ ठेवलेला आहे. गंमत म्हणजे गर्भ स्वतःच प्रोस्टाग्लँडिन ई-टू नावाचं हार्मोनसारखं रसायन सोडून नळीचं दार उघडून घेतो, न फळलेलं बीज नळीतच अडकून राहतं.

अडचण येते ती वयस्कर, बरीच वेतं झालेल्या, किंवा गर्भाशय खाली लोंबलेल्या घोड्यांत. त्यांची सूज निघत नाही, पाणी साठून राहतं आणि सहाव्या दिवशी गर्भ येतो तो त्या चिखलात. म्हणून अशी घोडी असेल तर फळवल्यावर दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून घ्या, आत पाणी दिसलं तर डॉक्टर गर्भाशय सलाइनने धुतात आणि गर्भाशय आवळून पाणी बाहेर काढणारं ऑक्सिटोसिन देतात. धुवायचं असेल तर फळवल्यानंतर निदान चार तास जाऊ द्यायचे, तोवर जे शुक्राणू लागणारे असतात ते नळीत पोचलेले असतात.

३५ वा दिवस, जो मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहितो

गर्भ गर्भाशयात आल्यावर घोडीत एक गोष्ट होते जी दुसऱ्या पाळीव जनावरात तशी नाही. त्याच्याभोवती एक चिवट कवच तयार होतं आणि तो गोटीसारखा साधारण १६ व्या दिवसापर्यंत गर्भाशयाच्या दोन्ही फांद्यांतून (त्यांना शिंगं म्हणतात), मधल्या भागातून सतत फिरत राहतो. या फिरण्यातूनच आईला कळतं की पोट राहिलंय, फिरायला जागा कमी पडली तर घोडी परत माजावर येते. १६ च्या आसपास तो एका शिंगाच्या बुडाशी थांबतो. जुळं असेल तर १४ ते १६ या दिवसांतच बघायचं, दोन गोट्या वेगवेगळ्या असताना डॉक्टर एक चेपून काढू शकतात, दोन्ही एकाच जागी बसल्या की काम अवघड होतं. घोडीला जुळं झेपत नाही, कारण दोघांना पुरेल एवढी वार पसरायला जागाच नसते, त्यामुळे "बघू, होईल नीट" असं इथे करू नका.

आता मुख्य भाग. २५ व्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या पिशवीभोवती एक पांढुरकी पट्टी उमटते, कंबरपट्टा बांधल्यासारखी, तिला कोरिऑनिक गर्डल म्हणतात. ३६ ते ३८ या दोन-तीन दिवसांत त्या पट्टीतल्या पेशी गर्भापासून सुटतात आणि आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात घुसतात. घुसतात म्हणजे खरंच, वरचा थर फोडून आत खोलवर जातात, आणि मग हलायचं थांबवून तिथेच फुगून मोठ्या होतात. ज्या जागी बसतात तिथलं अस्तर वाटीसारखं खोलगट होतं म्हणून त्यांचं नाव एंडोमेट्रियल कप. गाभण शिंगाच्या बुडाशी या वाट्या गोलाकार किंवा नालेच्या आकारात मांडलेल्या असतात, कुठे काही मिलिमीटरची, कुठे दोन-तीन सेंटीमीटरची, आणि त्यांच्या खोबणीत मधाच्या रंगाचा चिकट द्रव साठतो. त्या द्रवात जे हार्मोन आहे ते पीएमएसजी, ज्याला आता इक्वाइन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन म्हणतात. १९३० मध्ये कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट या दोघांनी गाभण घोडीच्या रक्तात हे पहिल्यांदा दाखवून दिलं. हे घोडीच्या बीजकोशावर काम करून जास्तीचे पीतपिंड, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या गाठी, तयार करतं आणि त्यातून गाभ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचा पुरवठा वाढतो.

इथे प्रतिकारशक्तीचा खेळ सुरू होतो. आत घुसणाऱ्या या पेशींवर बापाकडून आलेल्या एमएचसी क्लास वन खुणा (पेशीवरच्या ज्या खुणांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं त्या) भरभरून असतात, म्हणजे लपूनछपून नाही, झेंडा घेऊन आत जातात. घोडीचं शरीर साहजिकच चवताळतं. ६० व्या दिवसापर्यंत तिच्या रक्तात बापाच्या त्या खुणांविरुद्ध भरपूर अँटीबॉडी दिसतात, पहिल्या वेताच्या घोडीतसुद्धा. आणि कपांच्या भोवती लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, इओसिनोफिल अशा प्रतिकार करणाऱ्या पेशींचा गराडा पडतो, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर वाटीच्या कडेने निळ्या ठिपक्यांची भिंतच उभी असते. तरी कप तग धरतात! कारण आत बसल्यावर थोड्याच दिवसांत, ४५ व्या दिवसाच्या आसपास, त्या पेशी आपल्या एमएचसी खुणा उतरवून ठेवतात, आणि दुसरं म्हणजे गाभणपणात घोडीच्या रक्तातल्या मारेकरी टी-पेशींची बापाच्या पेशींविरुद्धची धार कमी झालेली असते, व्याल्यावर ती परत येते. म्हणजे अँटीबॉडीचा हात जोरात चालू आणि टी-पेशींचा हात आवरलेला. जोडीला कपांच्या आसपास आवर घालणाऱ्या, म्हणजे रेग्युलेटरी, टी-पेशीही सापडतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डग्लस अँटझॅक आणि इंग्लंडमध्ये ट्विंक अॅलन यांच्या गटांनी वर्षानुवर्षं यावर काम केलं म्हणून हे आपल्याला माहीत आहे.

शेवटी मात्र आईच जिंकते. ७० दिवसांच्या पुढे त्या गराड्यातल्या पेशी कपांत शिरायला लागतात आणि १०० ते १५० दिवसांच्या दरम्यान कप मरून अस्तरापासून सुटून पडतात, पीएमएसजी संपतं. तोपर्यंत वार स्वतः प्रोजेस्टेरॉनच्या जातीची हार्मोन्स पुरेशी बनवायला लागलेली असते, म्हणून नुकसान काही होत नाही. मला हे फार विलक्षण वाटतं, म्हणजे आई गर्भाचा एक तुकडा उघडपणे मारून टाकते आणि त्याच वेळी हातभर अंतरावरचं शिंगरू सुखाने वाढवते.

मग ३५ व्या दिवसाचा आपल्याशी काय संबंध? फार मोठा. कप एकदा बसले की ते आपलं आयुष्य पुरं करतात, गर्भ जिवंत असो किंवा नसो. आमच्याकडच्या एका घोडीचा गर्भ ३० व्या दिवशी छान होता, ठोका स्पष्ट दिसला, ५२ व्या दिवशी परत पाहिलं तर पिशवी रिकामी. आम्ही म्हटलं ठीक आहे, माजावर येईल, परत फळवू, आणि रोज टीझर घोडा (माज ओळखायला समोर आणतात तो) दाखवत बसलो, ती कधी थोडी शेपूट उचलायची पण धड माज नाही, बीज फुटायचं नाही, प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं तरी काही दिवसांत परत तेच. मधे कोणीतरी रक्ताची तपासणी करायला सांगितलं तर रिपोर्ट गाभण! कारण ती तपासणी पीएमएसजीची होती आणि ते कप सोडतच होते. तो सीझन हातचा गेला. त्या वेळी हे वाचलेलं असतं तर निदान रोजची धावपळ आणि तिला होणारा त्रास वाचला असता.

म्हणून सोनोग्राफीच्या तारखा अशा ठेवा की एक १४ ते १६ मधे जुळ्यासाठी, एक २८ ते ३० च्या आसपास ठोक्यासाठी, आणि काही शंका असेल, गर्भ वयाच्या मानाने लहान असेल, ठोका मंद असेल, दुसरं जुळं निसटलेलं असेल, तर ३५ व्या दिवसाच्या आत परत एकदा. निर्णय घ्यायचा तो या आतच घ्यायचा, प्रोस्टाग्लँडिनच्या एका इंजेक्शनवर घोडी परत माजावर येऊ शकते तो हाच काळ. पुढची तपासणी ४५ ते ६० च्या मधे करा. आणि ३५ दिवसांनंतर "गाभण आहे का" हे फक्त पीएमएसजीच्या रक्ततपासणीवर कधीच ठरवू नका, गर्भ डोळ्यांनी बघा.

खेचरासाठी घोडी गाढवाकडून फळवली असेल तर थोडं वेगळं चित्र असतं, कप लहान राहतात, घोडीच्या पेशी त्यांच्यावर लवकर आणि जोरात तुटून पडतात, पीएमएसजी कमी आणि थोडे दिवस, तरीही बहुतेक खेचरं सुखरूप जन्मतात. पण संशोधकांनी शुद्ध गाढवाचा गर्भ घोडीत ठेवून पाहिला तेव्हा गर्डलच्या पेशी आत घुसल्याच नाहीत, कप झालेच नाहीत, आणि बहुतेक गर्भ ८० ते १०० दिवसांच्या आसपास गेले, काही मोजके पूर्ण दिवसांचे झाले. त्यावरून असं वाटतं की ती सुरुवातीची चाल, ते झेंडा दाखवणं, गर्भाला उपयोगाचं असावं, आईच्या शरीराला वेळेवर ओळख करून देण्यासाठी.

भिंत कशी असते आणि तिचं कच्चं टोक कुठे

कप हे छोटं बेट, बाकी सगळी वार घुसत नाही, फक्त चिकटते. चाळिसाव्या दिवसानंतर ती हळूहळू गर्भाशयाच्या अख्ख्या आतल्या बाजूवर पसरते आणि मखमलीसारखे बारीक झुबके अस्तरातल्या खळग्यांत बसतात. आईचं रक्त आणि शिंगराचं रक्त यांच्या मधे सहा थर राहतात, आईच्या बाजूचे तीन आणि शिंगराच्या बाजूचे तीन, एकही गळत नाही. शिवाय वारेच्या या भागातल्या पेशींवर एमएचसी क्लास वन खुणा जवळजवळ नसतातच, त्यामुळे आईच्या रक्तातल्या त्या सगळ्या अँटीबॉडींना धरायला काही मिळत नाही.

पण भिंतीला एक जागा कच्ची आहे, गर्भाशयाच्या तोंडाशी. तिथे वारेला समोर अस्तर नसतं, झुबके नसतात, चांदणीसारखा फिकट भाग असतो, त्याला सर्व्हायकल स्टार म्हणतात. मायांगातून जंतू वर चढले की पहिला मार इथे बसतो. स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस हा नेहमीचा गुन्हेगार, इ. कोलाय पण असतो. आणि इथे लक्षात ठेवायची गोष्ट ही की गाभ बहुतेक वेळा जंतूंनी शिंगराला खाऊन टाकल्यामुळे पडत नाही. सूज येते, सुजेतून सायटोकाइन (पेशींनी एकमेकींना इशारा द्यायची रसायनं), त्यातून प्रोस्टाग्लँडिन, त्याने गर्भाशय आवळायला लागतं आणि शिंगरू वेळेआधी बाहेर ढकललं जातं. आईची संरक्षणाची यंत्रणाच शेवटी गाभ टाकते. म्हणून उपचारात नुसती अँटिबायोटिक पुरत नाहीत, डॉक्टर सूज कमी करणारं औषध आणि गर्भाशय शांत ठेवायला अल्ट्रेनोजेस्ट असं तिन्ही मिळून देतात, आणि ते दोन दिवसांत थांबवायचं नसतं.

आपण काय बघायचं? सातव्या महिन्यापासून रोज शेपटी बाजूला करून बघा, मायांगाखाली, मांड्यांच्या आत, शेपटीच्या केसांना काही चिकटलंय का. कास बघा, व्यायला दोन महिने असताना कास भरायला लागली किंवा सडातून दूध ठिबकायला लागलं तर ते "चांगलं लक्षण" नाही, त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा. ज्या घोडीचा आधी गाभ गेलाय, किंवा मायांगाची ठेवण खराब आहे, हवा आत जाते, लीद आत पडते, तिची सोनोग्राफी सातव्या महिन्यापासून दर महिन्याला करून गर्भाशयाच्या तोंडाजवळ वार आणि गर्भाशय मिळून जाडी किती ते मोजून घ्या. २७० दिवसांपर्यंत ७ मिलिमीटरच्या आत, २७१ ते ३०० मधे ८ च्या आत, ३०१ ते ३३० मधे १० च्या आत, त्यापुढे १२ च्या आत असायला हवी. आकडा वहीत लिहा, एका मापापेक्षा मागच्या महिन्याशी तुलना जास्त बोलते. मायांगाला वरून टाके घातलेले असतील तर व्यायच्या दोन-तीन आठवडे आधी ते उघडून घ्यायला विसरू नका, नाहीतर शिंगरू येताना सगळं फाटतं.

दुसरा शत्रू हर्पिस व्हायरस, इएचव्ही-वन. हा भिंत खालून पोखरत नाही, आईच्या पांढऱ्या पेशींच्या आत बसून रक्तातून येतो. पेशीच्या आत असल्यामुळे रक्तातल्या अँटीबॉडीला तो सापडत नाही, गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, गुठळ्या होतात, वार सुटते, आणि घोडी आधी काहीही न दाखवता शेवटच्या चार महिन्यांत गाभ टाकते. लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात देतात. पण लस ढाल आहे, किल्ला नाही, म्हणून गाभण घोड्या शिंगरांपासून, शर्यतीला किंवा प्रवासाला जाणाऱ्या घोड्यांपासून वेगळ्या ठेवणं तेवढंच महत्त्वाचं, आणि नवीन आलेला घोडा तीन आठवडे बाजूला. कधी गाभ पडलाच तर हातमोजे घालून शिंगरू आणि वार दोन्ही पिशवीत भरून तपासणीला पाठवा, ती घोडी वेगळी बांधा, जमीन धुऊन जंतुनाशक टाका. वार फेकून दिली तर कारण कधीच कळत नाही.

व्यायच्या आधीचा महिना

सहा थरांच्या भिंतीची किंमत आता मोजायची असते. माणसाच्या बाळाला आईच्या अँटीबॉडी पोटातच वारेतून मिळतात. शिंगराला मिळत नाहीत, ते जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटीबॉडी, जवळजवळ नसतंच. त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती आहे पण तिला कामाला लागायला आठवडे लागतात. मधला पूल म्हणजे चीक. शेवटच्या दोन-चार आठवड्यांत घोडीची कास तिच्या रक्तातल्या अँटीबॉडी ओढून चिकात साठवते, म्हणून धनुर्वाताच्या आणि बाकी नेहमीच्या लसींचा बूस्टर व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी द्यायचा, म्हणजे त्या वेळी रक्तात पातळी वर असते. आणि याच काळात घोडी जिथे व्यायची आहे तिथेच आणून ठेवा, म्हणजे त्या गोठ्यातल्या, त्या मातीतल्या जंतूंची ओळख तिच्या चिकात येईल. शेवटच्या आठवड्यात तिला लांबच्या प्रवासाला नेऊ नका. चीक आधीच गळून जात असेल तर तो काढून फ्रीझ करा आणि डॉक्टरला लगेच सांगा, कारण चीक एकदाच बनतो.

व्याल्यावर: एक, दोन, तीन

तासाभरात शिंगरू उभं राहायला हवं, दोन तासांत पाजायला लागायला हवं, तीन तासांत वार पडायला हवी. मायांगात पांढरट पिशवीऐवजी लाल मखमल दिसली तर वार आधीच सुटलीये, शिंगराचा प्राणवायू तुटलाय, डॉक्टरची वाट न बघता ती पिशवी फाडा आणि शिंगरू बाहेर घ्या.

वार तीन तासांत पडली नाही तर डॉक्टर हवाच. हाताने ओढायची नाही, वजन बांधायचं नाही, लोंबणारी वार तिच्या पायात येऊ नये म्हणून गाठ मारून वर घ्या एवढंच. आत बोटभर तुकडा राहिला तरी गर्भाशय सडतं, विष रक्तात जातं आणि खुरांना लॅमिनायटिस, म्हणजे आतल्या थराची सूज, होते, ते बरं करायला फार वेळ लागतो.

पडलेली वार बादलीत ठेवा आणि उजेडात जमिनीवर पसरा. मी आधी तिचं वजन करतो, साधारण शिंगराच्या वजनाच्या ११ टक्के असायला हवं, खूप जड असेल तर सूज आली होती का अशी शंका घ्यायची. मग इंग्रजी एफ अक्षरासारखी मांडायची, दोन शिंगं आणि मधला भाग. एका बाजूने ती गुळगुळीत, चकचकीत, नसा फुललेल्या अशी, तीच बाजू बहुतेक वेळा बाहेर येते कारण वार मोज्यासारखी उलटून पडते. मग फाटलेल्या तोंडातून हात घालून ती उलटी करायची की लाल मखमल वर येते. बोटं फिरवत जा. दोन्ही शिंगांची टोकं बंद, अख्खी हवीत, रिकाम्या शिंगाचं टोक बारीक आणि सुरकुतलेलं असतं आणि तेच बहुधा आत राहतं, तर ते सापडेपर्यंत थांबायचं नाही. सापडत नसेल तर गुळगुळीत बाजूने शिंगात पाणी ओतून बघा, कुठून गळतंय ते कळतं. मखमलीत चांदणीच्या जागी फिकट भाग असणारच, तसाच कप जिथे होते तिथेही छोटे फिकट ठिपके किंवा गुळगुळीत बाजूला लोंबणाऱ्या छोट्या पिशव्या दिसतात, त्या जुन्या लढाईच्या खुणा, घाबरू नका. पण चांदणीच्या भोवतालचा भाग जाड, तपकिरी, चामड्यासारखा, वर चिकट थर असेल तर खालून संसर्ग झाला होता, शिंगरू तरतरीत दिसत असलं तरी त्याला जोखमीचं समजा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. वार बर्फावर ठेवा, डॉक्टर येईपर्यंत फेकू नका, कुत्र्यांना पोचू देऊ नका.

चीक

शिंगराच्या आतड्यातून अँटीबॉडी रक्तात जातात त्या पहिले काही तासच. दर तासाला ते दार बंद होत जातं, सहा तासांनंतर झपाट्याने, आणि २४ तासांत पूर्ण बंद. म्हणून पहिल्या दोन-तीन तासांत पोटात चीक गेलाच पाहिजे. घोडी पहिलटकर असेल, पाजू देत नसेल, शिंगरू चोखत नसेल तर चीक काढून बाटलीने किंवा डॉक्टरकडून नळीने द्या, एका वेळी पाव ते अर्धा लिटर, दर तासा-दोन तासांनी, पहिल्या आठ-दहा तासांत मिळून एक ते दोन लिटर.

चीक चांगला आहे का हेही बघता येतं. घट्ट, पिवळसर, बोटाला चिकटणारा हवा, पण नजरेवर भरवसा ठेवू नका. ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे द्रवाचा दाटपणा मोजायचं छोटं यंत्र, त्यावर थेंब टाका, २० च्या वर ठीक, ३० च्या वर उत्तम, १५ च्या आत आला तर फ्रीझ केलेला दुसऱ्या घोडीचा चीक बाहेर काढायची वेळ आलीये. तो कोमट पाण्यात वितळवायचा, मायक्रोवेव्हमधे नाही, अँटीबॉडी शिजून जातात.

मग १२ ते २४ तासांच्या मधे शिंगराच्या रक्तातलं आयजीजी तपासा. डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर निर्धास्त, ४०० ते ८०० म्हणजे अर्धवट, ४०० च्या खाली म्हणजे चीक लागलाच नाही. १२ तासांना कमी आलं तर अजून चीक देऊन बघता येतं, २४ तासांनंतर मात्र शिरेतून प्लाझ्मा (दुसऱ्या घोड्याच्या रक्तातला अँटीबॉडी असलेला पातळ भाग) हाच रस्ता. ही तपासणी "शिंगरू उड्या मारतंय की" म्हणून टाळू नका, अँटीबॉडी नसलेलं शिंगरू पहिला दिवस तसंच उड्या मारतं आणि तिसऱ्या दिवशी सांधे सुजून आडवं होतं.

चीकच घातक ठरतो तेव्हा

हे क्वचित होतं पण ज्याच्या घरी होतं त्याला शिंगरू हातातून जाताना बघावं लागतं. वर म्हटलं की घोडी बापाच्या एमएचसी खुणांविरुद्ध ढीगभर अँटीबॉडी बनवते आणि काही बिघडत नाही. पण लाल पेशींवरच्या खुणांविरुद्ध, मुख्यतः एए आणि क्यूए या रक्तगटांविरुद्ध, अँटीबॉडी बनल्या तर गोष्ट वेगळी. पोटात असेपर्यंत भिंत त्यांनाही अडवते, शिंगरू ठणठणीत जन्मतं, मग चीक पितं आणि त्या अँटीबॉडी त्याच्याच लाल पेशी फोडायला लागतात. एक ते चार दिवसांत शिंगरू सुस्त, धापा टाकणारं, हिरड्या आधी फिकट मग पिवळ्या, लघवी लालसर. पहिल्या वेताला हे सहसा होत नाही, कारण आईला त्या रक्ताची ओळख बहुधा आधीच्या व्यायच्या वेळी रक्तस्रावातून झालेली असते, किंवा कधी तिला रक्त चढवलेलं असतं. खेचराच्या बाबतीत धोका जास्त, गाढवाच्या लाल पेशींवर एक खूण असते जी कुठल्याच घोड्यात नसते.

घोडीचं आधीचं शिंगरू असं पिवळं पडलं असेल, तिला कधी रक्त दिलं असेल, किंवा खेचराचं दुसरं-तिसरं वेत असेल तर शेवटच्या महिन्यात तिचं रक्त बापाच्या लाल पेशींशी जुळवून तपासून घ्या. वेळ नसेल तर जन्मल्यावर पहिला घोट जायच्या आधी शिंगराच्या रक्ताचा थेंब आणि आईचा पातळ केलेला चीक एकत्र करून गुठळी होते का ते डॉक्टर बघू शकतात. गुठळी झाली तर शिंगराला मुसकी बांधा, पण आईपासून तोडू नका, तिच्या नजरेसमोर आणि वासाच्या टप्प्यात राहू दे, नाहीतर ती त्याला नंतर घेत नाही. दुसऱ्या, तपासलेल्या घोडीचा चीक पाजा, मग दूध, रात्रीसुद्धा दर दोन तासांनी. आईची कास दर दोन तासांनी पिळून तो चीक टाकून द्या. ४८ तास झाले, आतड्याचं दार बंद झालं, कासेतला चीक जाऊन साधं दूध यायला लागलं, की मुसकी काढा, कास कोमट पाण्याने पुसा आणि शिंगराला आईखाली सोडा.